मधली चीर

माझा नवरा झेर्मानो सूप पिता पिता म्हणाला, "मे महिन्यात दोन दिवस कोइंब्राला जाऊन येऊ या का?" आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

एखाद्या भोळ्या बाईला आनंद झाला असता. लग्न झाल्यापासून मी त्याच्या मागे लागले होते की बाबा रे, तू जिथे शिकलास ते शहर एकदा दाखव. एवढं जुनं, राजांचं शहर, आणि गाडीने दोन-अडीच तासांवर तर आहे. शेजारची झुल्मिरा कितीदा जाऊन आली आणि आल्यावर दर वेळी महिनाभर डोकं खाल्लं. पण आमच्या साहेबांचं उत्तर ठरलेलं, "काय आहे तिथे? चढ आणि पायऱ्या." लिस्बनला नेलं, एकदा स्पेनलाही नेलं. कोइंब्राचं नाव काढलं की मात्र याचे गुडघे दुखायचे. आता म्हातारपणी गुडघे खरोखर दुखायला लागले, तर याला चढ आठवले!

त्यात मे महिना. आमच्या फुंदांवचा माणूस मे महिन्यात गाव सोडत नाही, कारण मेमध्ये चेरी पिकते. गार्दुन्या डोंगराच्या उतारावर आमची झाडं थोडीच आहेत, पण आपण जरा पाठ फिरवली की पक्षी आणि चुलतभाऊ दोघंही हात मारून जातात.

"आणि चेरी कोण तोडणार?" मी विचारलं.

"अमांदिओ तोडेल की."

"अमांदिओ? गेल्या वर्षी त्याने फांदीसकट तोडल्या म्हणून तूच बोंबलत होतास ना?"

"तोडू दे गं एखादी फांदी," झेर्मानो म्हणाला.

मी चमचा खाली ठेवला. याच माणसाने त्या फांदीपायी सख्ख्या चुलतभावाशी अबोला धरला होता.

आता मी कशी आहे तेही सांगून टाकते. मी शेजारच्या कोव्हिल्यां गावातल्या लोकरीच्या गिरणीत रफूगार होते. मागावरून उतरलेल्या कापडात तुटलेला धागा असतो, एखादी गाठ असते, कुठे भोक असतं. ते शोधून सुईने असं भरायचं की कापड जन्मतःच धड होतं असं वाटावं. हे काम करणारीला खोड लागते. दहा वार कापड नीट असो, तिचा डोळा दोषावरच जाऊन बसतो. गिरणी बंद पडली, खोड राहिली. झेर्मानो गणिताचा मास्तर, तो म्हणतो की मला उत्तर आधी दिसतं आणि गणित मी मागाहून मांडते. म्हणू दे.

दुसऱ्या दिवशी मी झुल्मिराकडून नकाशा आणला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर सहलीचा बेत आखायला बसले. शुक्रवारी नदी, पलीकडचा सांता क्लाराचा मठ आणि त्या मठाच्या नावाची बदामाची मिठाई. शनिवारी सकाळी विद्यापीठ आणि ते जुनं ग्रंथालय, जिथे वटवाघळं राहतात आणि पुस्तकं खाणारे किडे खातात. वटवाघळांना झेर्मानोने लगेच होकार दिला.

"आणि नंतर अश्रूंची बाग," मी म्हटलं. "राजपुत्राची ती प्रेयसी, बिचारीला मारलं ना, तिथली."

"ती नको."

"का?"

"लोक उगाच उसासे टाकत फिरतात तिथे."

"म्हणजे प्रेमाच्या जागी बायकोला न्यायचं नाही, वटवाघळं दाखवायची."

तो हसला नाही. म्हणाला, "शनिवारची दुपार मोकळी ठेव. जुन्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर बसू जरा वेळ. आणि रात्रीच्या जेवणाचं मी बघतो."

बसू? दगडावर बसलं की कंबर धरते म्हणून हा चौकातल्या बाकावरसुद्धा बसत नाही! आणि जेवणाचं हा बघणार म्हणे. आजवर याने जेवणाचं एवढंच बघितलंय की ते ताटात आलंय की नाही. मी नकाशावर कॅथेड्रलभोवती पेन्सिलीने गोल केला. गोल करता करता टोक मोडलं.

त्यानंतर मी कान उघडे ठेवले. फार दिवस ठेवावे लागले नाहीत. एका संध्याकाळी त्याचा फोन वाजला, त्याने नाव बघितलं आणि उठून बाल्कनीत गेला. आमच्या घरात फोन बाल्कनीत नेऊन बोलायची पद्धत नाही. फोनवर माझ्याशी निम्मा फुंदांव ओरडून बोलतो, तरी झेर्मानो सोफ्यावरून हलत नाही. मी भांडी घासत होते, लगेच नळ बंद केला.

"हो गीदा, आहे ना, तशीच आहे," तो म्हणत होता. "नाही शिवली. कशी शिवणार मी? ... नाही, ओतिलियाला नाही सांगितलं. तिथे गेल्यावरच सांगेन."

ओतिलिया म्हणजे मी. आणि गीदा म्हणजे कोण ते मला माहीत नव्हतं. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात त्याच्या तोंडून हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. तो आत आला तेव्हा मी नळ पुन्हा सोडला होता.

"कोणाचा फोन?"

"वीजवाल्यांचा."

वीजवाल्यांशी एवढ्या मऊ आवाजात बोलणारा माणूस मी अजून पाहिला नव्हता. मला रात्रभर झोप लागली नाही, आणि तो शेजारी खुशाल घोरत होता.

काय शिवलं नाही? मी सगळं घर पालथं घातलं आणि माळ्यावरच्या पेटीत मला ती मिळाली: त्याची विद्यार्थीदशेतली केप. कोइंब्राची पोरं घोट्यापर्यंतची काळी लोकरी केप पांघरतात ना, तीच. पेटीत ती असते हे मला ठाऊक होतं, पण मी कधी उलगडली नव्हती. या केपा धुवायच्या नसतात असं म्हणतात, आणि त्या वासावरून ते खरं वाटतं. मी ती खिडकीशी नेऊन उलगडली. खालच्या काठाला उजव्या बाजूने पाच-सहा चिरा होत्या. डावी बाजू कोरी. आणि पाठीमागे, अगदी मधोमध, एक मोठी चीर. कात्रीची नाही, दाताने किंवा हाताने फाडलेली, कडा कुरतडल्यासारख्या.

मी झुल्मिराला गाठलं. तिची भाची कोइंब्रात औषधशास्त्र शिकते. झुल्मिराने फोन लावला आणि तो आमच्या दोघींच्या मध्ये धरला.

"अहो काकू, ते साधं आहे," ती पोरगी म्हणाली. "डावीकडे घरच्यांनी फाडायचं, उजवीकडे मित्रांनी. दाताने हं, कात्री चालत नाही. आणि मागे मधोमध एकच चीर असते. ती प्रेमाची."

"आणि प्रेम संपलं तर?"

"मग शिवून टाकायची. आपापल्या शाखेच्या रंगाचा दोरा घ्यायचा. न शिवलेली असेल तर समजायचं, अजून आहे."

झुल्मिराने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून तोंडावर हात घेतला. मला तिचा तो हात तोडावासा वाटला.

"अगं, तेव्हा पोरं असतात," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याचंही एक लफडं होतं."

"तुझ्या नवऱ्याचं संपलं. याचं शिवलेलं नाही."

घरी आले. एवढा संताप मला कधी आला नव्हता, आणि संतापाच्या खाली जे होतं ते त्याहून वाईट होतं. वाटलं, मी इतकी वर्षं ज्या घरात मालकीण म्हणून वावरले त्याच्या माळ्यावर दुसरीच कोणी राहत होती. आणि डावी बाजू कोरी! म्हणजे घरच्यांना बोलावलंदेखील नसेल. वडील तर त्याचे आधीच गेले होते, पण आई? तिची तरी एक चीर असावी की नाही? त्याची आई मी पाहिली नव्हती; आमच्या ओळखीच्या आधीच ती वारली. तिचा विषय तो कधी काढत नसे. मला त्या म्हातारीची कीव आली. मुलाने तिला वाऱ्यावर सोडलं आणि त्या गीदाला मधली जागा दिली.

मग मी सुई घेतली.

आकाशी दोरा त्याच्या गणिताच्या शाखेचा, पण तो मी वापरला नाही. आकाशी दोऱ्याने शिवली असती तर एकेकाळी काहीतरी होतं अशी खूण राहिली असती. मला खूणही नको होती. मी केपेच्या आतल्या शिवणीतून तिचेच काळे धागे ओढून काढले, चिरेच्या कडा साफ केल्या आणि ताण्याला ताणा, बाण्याला बाणा लावत रफू केलं. झेर्मानो झाडांना जाळी बांधायला जायचा तेव्हा रोज थोडं थोडं. डोळ्यांतून पाणी यायचं ते म्हाताऱ्या डोळ्यांमुळे, असं मी स्वतःला सांगत होते. झालं तेव्हा वर ओलं फडकं घालून इस्त्री फिरवली. गिरणीत असं काम झालं असतं तर मुकादमिणीने दुसऱ्या बायकांना बोलावून दाखवलं असतं. केप घडी करून मी पेटीत होती तशी ठेवली.

आणि मग मी खूश होते, म्हणजे किती खूश! झेर्मानोला वाटलं, सहलीमुळे. मी गाणं गुणगुणत बेत पुरा केला, खोली ठरवली, प्रवासासाठी नवे सपाट बूट आणले. डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर तो त्या गीदासमोर केप उलगडतोय आणि मधली चीर शोधतोय. शोध म्हणावं. दोघं मिळून शोधा.

"तुला एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला. "आधीच न्यायला हवं होतं."

"तिथे गेल्यावर आणखी होईल," मी म्हटलं.

निघायच्या आदल्या दुपारी तो बागेत शेवटच्या टोपल्या भरायला गेला आणि फोन टेबलावरच विसरला. फोन वाजला. गीदा. मी हात पुसले आणि उचलला.

"झेर्मानो, केप घ्यायला विसरू नकोस रे बाबा!" मोठा, खणखणीत आवाज.

"झेर्मानो झाडावर आहे. मी त्याची बायको."

मला वाटलं ती गडबडेल. ती ओरडलीच. "ओतिलिया! अगं, शेवटी बोललीस! मी गीदा, त्याच्या वर्गातली. आमच्या वर्गाचं जेवण आहे ना शनिवारी. सगळे नवरा-बायको मिळून येतात. माझा नवरा तर कधीपासून नवीन कोट घालून आरशासमोर उभा आहे. सांगितलं ना त्याने?"

"नाही."

"बघ! तिथे गेल्यावर सांगतो म्हणे. या माणसाच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे चिमटा लागतो."

आता मागे फिरायचं नव्हतं. "त्याच्या केपेची ती मधली चीर," मी विचारलं, "ती कोणाची?"

"म्हणजे तेही नाही सांगितलं? अगं, त्याच्या आईची!"

गीदा बोलत राहिली. झेर्मानोची आई, आसेन्सांव तिचं नाव, आयुष्यात एकदाच कोइंब्राला आली होती. डोक्याला काळा रुमाल, हातात चीजचं गाठोडं. कॅथेड्रलच्या पायऱ्या चढताना मध्येच बसली, धाप लागली म्हणून. वर पोचल्यावर मुलाच्या केपेला चीर द्यायची होती.

"आम्ही सगळे ओरडतोय, डावीकडे मावशी, डावीकडे! ती कसली ऐकते. गुडघ्यांवर बसली आणि सरळ मधोमध दात लावले. आम्ही म्हटलं, अहो मावशी, ही जागा त्याच्या होणाऱ्या बायकोची! तर म्हणते कशी, 'मग बायको आली की तिला सांगा, मी आधी आले होते.'" गीदा पोटभर हसली. मग तिचा आवाज खाली आला. "त्याच हिवाळ्यात गेली ती. तेव्हापासून तो इकडे फिरकला नाही. दर वर्षी बोलावतो आम्ही, दर वर्षी गुडघे. यंदा म्हणाला, येतो, ओतिलियाला त्या पायऱ्यांवर नेऊन दाखवतो. आम्हा सगळ्यांना ती चीर परत बघायचीय गं. आणाल ना?"

"आणू," मी म्हटलं.

सवत शोधायला निघाले होते आणि सापडली सासू. दुसऱ्या कोणाचं असतं तर मी चौकात उभी राहून हसले असते.

धावत माळ्यावर गेले, केप खाली आणली, खिडकीशी बसले. उसवू, एवढंच डोक्यात. घातलेले धागे ओढून काढायचे की चीर पुन्हा उघडेल. कडा साफ करताना कापलेली लोकर कचऱ्यात गेली होती, ती परत येणार नव्हती, पण निदान चीर तरी. मी काठ उजेडाला धरला. मधोमध बघितलं. जरा डावीकडे बघितलं. उलटी बाजू बघितली. बोटांनी चाचपलं, मग जिभेने बोट ओलं करून चाचपलं. काळ्यावर काळं. माझंच काम, आणि मला सापडेना. एका जागी सुई घालून धागा उचलला तर तो मूळ विणीचा निघाला.

दार वाजलं. झेर्मानो टोपली घेऊन आत आला, शर्टावर चेरीचे डाग. माझ्या मांडीवर केप आणि हातात सुई बघून त्याने टोपली तिथेच टाकली.

"ओतिलिया, शिवू नकोस! ती शिवू नकोस!"

"शिवली," मी म्हटलं.

त्याने केप माझ्या हातातून घेतली. डावीकडून काठावर बोट फिरवत निघाला, मध्याच्या पुढे गेला, मित्रांच्या चिरांपर्यंत पोचला, आणि परत मागे आला. तीनदा. चेरी जमिनीवर घरंगळत होत्या, कोणी उचलल्या नाहीत.

"मला वाटलं, दुसरी कोणी आहे," मी म्हटलं. "ती गीदा."

"गीदा?" त्याने माझ्याकडे बघितलं, मी फुंदांव सोडून चंद्रावर राहायला जाते म्हटल्यासारखं. "गीदा?"

"तिचा फोन आला होता. तिने सांगितलं सगळं. झेर्मानो, मी उसवायला बसले होते, पण मला जागा सापडत नाहीये. मीच केलंय आणि मलाच सापडत नाहीये." आणि मी रडायला लागले, अगदी नाक वाहेपर्यंत. "मला का नाही सांगितलंस? एवढ्या वर्षांत एकदा तरी सांगायचंस!"

"काय सांगू? ती पायऱ्यांवर बसली होती आणि मला तिची लाज वाटत होती." तो खुर्चीवर टेकला. "पोरं हसत होती. मला वाटत होतं, लवकर आटपावं आणि तिला गाडीत बसवून द्यावं. दिलीही बसवून. मग हिवाळ्यात ती गेली."

खालून अमांदिओने हाक मारली, मी खिडकी लावून घेतली.

"तुला त्या पायऱ्यांवर नेऊन विचारणार होतो," तो म्हणाला, "आईच्या शेजारी एक चीर तू देशील का. ती म्हणाली होती ना, बायको आली की सांगा म्हणून."

"देते ना. देते की."

"आता शेजारी म्हणजे..." त्याने पुन्हा काठाकडे बघितलं आणि वाक्य सोडून दिलं.

मी म्हटलं, जायलाच नको, खोलीचं मी बघते, गीदाला सांगते मला ताप आला. तो नाही म्हणाला. "सगळे ती बघायला मागतील. मी काय दाखवू त्यांना?" मग तो खाली वाकला, दुखऱ्या गुडघ्यांनिशी माझ्यासमोर बसला आणि केपेचा काठ दोन्ही हातांनी ताणून माझ्या तोंडासमोर धरला. "इथेच कुठेतरी होती," तो म्हणाला. "फाड."

आयुष्यभर मी कापड सांधलं, फाडलं कधी नाही. दात लावले. जुन्या लोकरीची, धुराची, पेटीतल्या कापराची चव तोंडात आली. पहिल्यांदा जमलं नाही. लोकर चिवट असते. त्याने काठ आणखी घट्ट धरला. दुसऱ्यांदा मी डोळे मिटले, मान झटकली, आणि कापड टर्रकन फाटलं. तो दचकला.

मी डोळे उघडले तेव्हा तो चिरेवरून बोट फिरवत होता, खालून वर आणि वरून खाली, पुष्कळ वेळ.

"आईची जरा वाकडी होती," तो म्हणाला.